दोन कुलपांचं दार

व्याख्या

या मजकुरात, संदर्भाने वेगळा अर्थ होत नसेल तर:

'कंपनी' म्हणजे बंदराच्या पूर्वेकडचा धक्का, त्यावरच्या क्रेन आणि मागचं कंटेनरचं आवार ज्यांनी भाडेपट्ट्याने घेतलं आहे ते लोक. 'बंदर' म्हणजे ज्यांनी ते भाड्याने दिलं ते.

'बहीण' म्हणजे कंपनीच्या भाडेपट्टा खात्यात मसुदे लिहिणारी बाई. समुद्राकडे पाठ करून बसते, कारण खिडकी मागच्या बाजूला आहे.

'मामा' म्हणजे तिच्या आईचा सख्खा भाऊ. दोरवाल्यांचा म्होरक्या. जहाज धक्क्याला लागताना वरून दोर सोडतात. ते छोट्या होडीतून ओढत नेऊन लोखंडी खुंट्यांना अडकवणारे ते दोरवाले. सगळं बंदर त्याला मामाच म्हणतं, त्यामुळे सख्ख्या भाच्यांना त्यात विशेष असं काही उरलेलं नाही. लग्न केलं नाही, तिच्या आईच्या घरी पुढच्या खोलीत राहतो, आणि घर त्याचंच असल्यासारखा पंख्याच्या वेगावरून वाद घालतो.

'भाऊ' म्हणजे बहिणीचा धाकटा भाऊ. मामाच्याच होडीत.

'कोपरा' म्हणजे धक्का जिथे संपतो तिथला तुकडा: एक जुनी पत्र्याची शेड, थोडी मोकळी जागा, आणि भिंतीत कोरलेल्या पायऱ्या.

'पायऱ्या' म्हणजे पाण्यातून वर येण्याची वाट. दुसरी वाट लांबच्या धक्क्यावर आहे, लाटा अडवणाऱ्या दगडी बांधाला वळसा घालून.

उद्देश

बंदरात चोऱ्या वाढल्या होत्या. होड्यांतून माल उतरत होता तो कुठल्याच यादीत नव्हता, आणि एकदा एक माणूस उतरला तोही नव्हता. सरकारने ठरवलं की पोलीस आता बंदरातच बसतील, पाण्याला लागून, स्वतःच्या गस्तीच्या होड्यांसह. त्यांना जागा हवी होती. बंदराकडे स्वतःची मोकळी जागा उरली नव्हती, सगळी भाड्याने दिलेली. म्हणून कंपनीने कोपरा परत करायचा आणि भाडेपट्ट्यात तशी दुरुस्ती करायची असं ठरलं.

दुरुस्ती बहिणीकडे आली.

तिने नकाशा पसरला आणि पायऱ्यांवर बोट ठेवलं. तिथे रेषा नव्हती. नकाशा भरतीच्या पाण्यापाशी संपत होता, आणि पायऱ्या त्याच्या खाली होत्या.

घरी तिने मामाला विचारलं, त्या पायऱ्या तुम्ही किती वापरता. मामा म्हणाला, वापरतो म्हणजे काय, श्वास किती वापरतेस असं विचारतेस तू. मग त्याने सांगितलं. दोर ताणला की गातो. बारीक आवाजात. तो आवाज आला की होडीत आडवं पडायचं. कधी कधी आवाज न येताच तुटतो. आणि तुटला की चाबकासारखा येतो. तशा वेळी माणूस वर काढायला पायऱ्या जवळच हव्यात. एवढंच.

त्या रात्रीपासून बहिणीच्या डोक्यात दुरुस्तीचा उद्देश एकच होता: पायऱ्या राहिल्या पाहिजेत.

कलम सात

कंपनीची वकीलबाई, बंदराचा अधिकारी आणि पोलिसांचा फौजदार असे तिघे टेबलाभोवती बसत. बहीण कडेला, लिहून घ्यायला. बिस्किटांची बशी फिरून फिरून तिच्यासमोर येऊन थांबायची, कारण तिच्या पुढे कोणी नव्हतं.

फौजदाराला पायऱ्या बुजवून हव्या होत्या. त्याचं म्हणणं सरळ होतं: शेडमध्ये हत्यारं ठेवणार, आणि शेडसमोर समुद्रातून उघडी वाट ठेवायची, तर मग चोरांना निमंत्रणपत्रिकाच छापू की. बंदराच्या अधिकाऱ्याला काहीच नको होतं, फक्त महिनाअखेरीस सह्या हव्या होत्या. वकीलबाईला पायऱ्यांचं प्रेम नव्हतं. पण आज पायऱ्या सोडल्या तर उद्या पोलीस आख्खी भिंत मागतील, ही तिला भीती होती. म्हणून तिने पायऱ्या धरून ठेवल्या.

मग दार आलं. पायऱ्यांच्या माथ्यावर लोखंडी दार लावू, असं अधिकारी म्हणाला. उंच, वर काटेरी तार, दोन्ही बाजूंना पाण्यावर झुकलेल्या सळ्या, म्हणजे कडेनेही कुणी चढणार नाही. ठीक. पण किल्ली कुणाकडे?

पोलिसांकडे, असं फौजदार म्हणाला. म्हणजे आमच्या पायऱ्यांवर आम्हीच पाहुणे, असं वकीलबाई म्हणाली. कंपनीकडे, असं वकीलबाई म्हणाली. म्हणजे आमच्या हत्यारांच्या दारात तुमचे हमाल, असं फौजदार म्हणाला. बैठक उठली. पुढची बैठकही तिथेच उठली. तिसऱ्या वेळी अधिकारी कंटाळून म्हणाला, बुजवूनच टाका ना मग, भांडणाचं मूळच जाईल, आणि वकीलबाईने पहिल्यांदाच खांदे उडवले.

तेव्हा बहीण बोलली. बैठकीत ती त्याआधी कधी बोलली नव्हती, बिस्किटं नको म्हणण्यापलीकडे.

"एकाच कडीला दोन कुलपं लावू. एक तुमचं, एक आमचं. दोन्ही उघडल्याशिवाय दार उघडणार नाही."

मग फौजदार हसला. म्हणजे यांच्याशिवाय आम्ही नाही आणि आमच्याशिवाय हे नाहीत. वकीलबाईने चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं, या बाईला नाव असावं असं पहिल्यांदाच वाटल्यासारखं.

"लॉकरच्या दोन किल्ल्यांसारखं. तुला बँकेत पाठवायला हवं होतं," ती म्हणाली.

बहिणीने तिथल्या तिथे एक वाक्य आणखी घातलं: आपत्कालीन प्रसंगी दोन्ही पक्ष आपापलं कुलूप तत्काळ उघडतील. 'तत्काळ' हा शब्द तिचा. त्याला कुणी हरकत घेतली नाही. त्याच्या बदल्यात फौजदाराने एक कलम मागितलं, की कोपऱ्यात कंपनीच्या माणसाने परवान्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही. तिने तेही लिहिलं. घासाघीस म्हणजे असंच असतं, हे तिला आता कळायला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायलाही.

पोलिसांची किल्ली दाराशेजारच्या चौकीत राहणार होती. कंपनीची किल्ली सुरक्षारक्षकांनी ठेवायला नकार दिला. त्यांच्या करारात ती बसत नव्हती.

"तुझ्याच कपाटात ठेव," वकीलबाई म्हणाली. बहिणीला ते बरंच वाटलं. किल्ली घरातच राहिल्यासारखं.

कलम सात, घरी वाचून दाखवलेलं

आई भाजी निवडत होती. मामा पंख्याखाली, पाय खुर्चीवर. भाऊ दारात उभा राहून बूट काढत होता आणि ऐकत होता.

बहिणीने सगळं सांगितलं. दोन कुलपांवर आली तेव्हा मामाने पाय खाली घेतले.

"म्हणजे बुडायच्या आधी दोघांना कळवायचं," तो म्हणाला. "साहेब, तिसरंही लावायचं होतंस. एक आईच्या पदराला बांधायचं."

आमच्या घरात एक साहेब जन्माला आलं, असं तो तिला नोकरी लागल्यापासून म्हणत आला होता. ती चिडली. पायऱ्या बुजणार होत्या, तिने सांगितलं, अगदी बुजणारच होत्या, आणि तिच्यामुळे राहिल्या. मामा म्हणाला, हो बाई, राहिल्या, तुझं नाव कोरू त्यांच्यावर. पण म्हणताना त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, आणि ती टपली चांगली होती.

भावाला थट्टा जमत नाही. त्याने बूट शेजारी शेजारी लावले आणि विचारलं:

"ताई, काही झालं तर कुठे यायचं? दारावर, की लांबच्या धक्क्यावर?"

"दारावर," ती म्हणाली. "किल्ली माझ्याकडे आहे. मी आहे ना."

"बरं."

परिशिष्ट (नकाशा)

दार बसवलं. हिरवा रंग दिला. पोलिसांचं कुलूप साधं, सरकारी, काळं. कंपनीने खास मागवलेलं कुलूप आणलं, जाड आणि चकचकीत. ते कापता येत नाही असं त्याच्या डब्यावर लिहिलं होतं. नव्या नकाशावर दार एका आडव्या रेघेने दाखवलं. बहिणीने ती रेघ स्वतः तपासली.

चौकीत एक हवालदार असायचा. जाडा, दमेकरी, दोरवाल्यांशी लगेच जमवून घेणारा. होडी खालून गेली की तो सळ्यांमधून हात बाहेर काढायचा आणि मामा त्याला खालून ओरडून विचारायचा, काय, आज जामीन मिळाला का. हवालदार सांगायचा, नाही, पुढची तारीख. रोज हेच. रोज दोघेही हसायचे.

अंमल

ही दुरुस्ती ज्या दिवशी अमलात आली तो दिवस सहीचा नव्हता. तो पुढे कधीतरी आला, एका वाऱ्याच्या सकाळी.

मोठं जहाज होतं, रिकामं, म्हणून पाण्यावर उंच. वारा त्याला धक्क्यापासून बाहेर ढकलत होता. दोर ताणले गेले. भाऊ होडी चालवत होता, मामा पुढे उभा, हातात दोर ओढून घ्यायचा आकडा. दोर गायला नाही. भावाने हे नंतर सगळ्यांना सांगितलं, चौकशीत, रुग्णालयात, घरी: गायला नाही. तो नुसता तुटला आणि मामाच्या छातीवर आला.

मामा होडीतच पडला. पाण्यात नाही. बोलत होता. म्हणाला, काही नाही, दम लागलाय. ओठांना रक्त होतं.

भावाने मान वर केली. एका बाजूला बांध, त्याच्या पलीकडे लांबचा धक्का. दुसऱ्या बाजूला हिरवं दार, समोरच. त्याने होडी दाराकडे वळवली.

इथून पुढचा मजकूर दुरुस्त्यांसह वाचावा.

'हवालदाराने दार उघडलं' याऐवजी 'हवालदाराने त्याचं कुलूप उघडलं' असं वाचावं. त्याने ते खरोखर तत्काळ उघडलं. त्यात कुणालाही खोट काढता येणार नाही.

'पोलिसांची होडी आली' हे शब्द वगळावेत. गस्तीच्या होड्या बंदराबाहेर थांबलेल्या एका जहाजाकडे गेल्या होत्या.

'बहिणीला निरोप मिळाला' हे तसंच ठेवावं. मिळाला. ती उठली, कपाटातून किल्ली घेतली, जिन्यावरून उतरली, खाली आवारात आली. कंटेनरांच्या रांगांमधून धावताना एका चालकाने तिला ओरडून शिवी दिली, कारण तिथे पायी धावायची परवानगी नाही.

'ती कोपऱ्यात पोचली' याऐवजी 'ती कोपऱ्याच्या फाटकाशी पोचली' असं वाचावं. फाटकावर नवा शिपाई होता. परवाना, तो म्हणाला. तिने किल्ली दाखवली. तो म्हणाला, ही किल्ली आहे, परवाना नाही. ती म्हणाली, आत माणूस मरतोय. तो म्हणाला, म्हणूनच तर आज जास्त कडक आहे.

ती म्हणाली, मग तुम्ही घेऊन जा किल्ली, पळा, मी इथे उभी राहते. त्याने तिच्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. फाटक सोडता येत नाही, तो म्हणाला, आणि आत विचारायला तो फोन लावू लागला, आणि आत कुणी फोन उचलत नव्हतं, कारण आत होता तो एकटा हवालदार आग विझवायची नळकांडी दोन्ही हातांनी उचलून चकचकीत कुलपावर हाणत होता. तो आवाज फाटकापर्यंत येत होता. ठण्. मग हवालदाराचा खोकला. मग ठण्.

ते कलम तिला पाठ होतं. कोपऱ्यात कंपनीच्या माणसाने. परवान्याशिवाय. पाऊल.

'ती थांबली' याऐवजी 'तिने शिपायाला ढकललं' असं वाचावं, पण ते बऱ्याच उशिरा.

किल्ली पहिल्याच खेपेला फिरली. नवं कुलूप, तेल दिलेलं.

भरती होती. मामाला पायऱ्यांवर घेताना सुटलेली होडी बाजूला वाहत गेली होती. भाऊ सर्वात वरच्या पायरीवर, दाराला पाठ लावून, कमरेपर्यंत पाण्यात बसला होता, आणि मामाचं डोकं त्याने स्वतःच्या छातीशी धरून पाण्याच्या वर ठेवलं होतं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. दार उघडायला भावाला आधी सरकावं लागलं, आणि सरकताना मामाचं डोकं क्षणभर पाण्यात गेलं, आणि मामाने काहीच केलं नाही. तेव्हा तिघांनाही कळलं.

हवालदार खाली बसला. त्याच्या हातांना फोड आले होते.

"मघापर्यंत बोलत होते," तो म्हणाला. "मला म्हणाले, आता तूच बाहेर आहेस आणि मी आत."

इतर

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं की लवकर आणलं असतं तर सांगता आलं असतं. काय सांगता आलं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

चौकशी झाली. फौजदार होता, अधिकारी होता, वकीलबाई होती. भावाने साक्ष दिली. त्याला विचारलं, लांबच्या धक्क्याऐवजी दाराकडेच का गेलात. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. जवळ होतं म्हणून, तो म्हणाला.

निष्कर्ष एका पानात मावला. पोलिसांनी आपलं कुलूप तत्काळ उघडलं. कंपनीने किल्ली तत्काळ रवाना केली. फाटकावरच्या शिपायाने परवान्याचं कलम पाळलं. दुरुस्त भाडेपट्ट्याचा कुठल्याही पक्षाकडून भंग झालेला नाही.

बाहेर, इमारतीच्या पायऱ्या उतरताना, वकीलबाईने बहिणीच्या दंडाला हात लावला. ती मनापासून बोलत होती.

"तुझा मसुदा पक्का होता म्हणून कंपनी सुटली. आत्ता ऐकायला बरं वाटणार नाही तुला, कळतंय मला."

मग तिने पुढचं काम सांगितलं. सगळ्यांचं एकमत झालं होतं, यावेळी बैठकसुद्धा लागली नाही. पायऱ्या बुजवायच्या. दुसरी दुरुस्ती करायची, छोटीशी, एका कलमाची. बहिणीने वेगळा मसुदा केला: दार राहील, कुलूप राहणार नाही, चौकीतला माणूस आतून कडी काढेल. तो परत आला, वर पेन्सिलने एक तिरपी रेघ. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा रेघ. तिसऱ्या वेळी वकीलबाई स्वतः आली, खुर्ची ओढून बसली, आणि हळू आवाजात म्हणाली की हे दुसऱ्या कुणाकडूनही लिहून घेता येईल, पण तिला तसं करायचं नाहीये.

बहिणीने लिहिलं. एक कलम. 'पायऱ्या' ही व्याख्या वगळण्यात येत आहे.

आईने तिला इतक्या दिवसांत एकच प्रश्न विचारला होता, तोही पंखा पुसताना, स्टुलावर उभी राहून, खाली न बघता.

"किल्ली होती ना गं तुझ्याकडे?"

होती, ती म्हणाली. आईने पंख्याचं दुसरं पातं पुसायला घेतलं.

भाऊ कामावर जात होता. होडीत आता पुढे दुसरा माणूस उभा असायचा आणि त्याला अजून दोर नीट धरता येत नव्हता. हवालदाराने बदली मागून घेतली होती. ज्या दिवशी गवंडी आले आणि पायऱ्यांपुढे फळ्या ठोकू लागले, त्या दिवशी भाऊ उशिरा घरी आला. बूट काढले. शेजारी शेजारी लावले. बहीण त्याचं ताट वाढत होती. त्याला काय सांगायचं ते तिने सकाळपासून तयार ठेवलं होतं, आणि वाढता वाढताच तिने सांगून टाकलं: यापुढे काही झालं तर लांबच्या धक्क्यावर जा. थेट. मध्ये कुठे बघू नकोस.

"हो," तो म्हणाला. "आज गेलो होतो."

तिने हात थांबवला.

"काम संपल्यावर होडी नेली. तिथूनच. दोर तुटला होता तिथून. वारापण तसाच होता आज." तो पाटावर बसला, ताट थोडं जवळ ओढलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने पाहिलेली एक गोष्ट तो घरी येऊन सांगत होता, मामाला सांगायचा तशी. "वाटतं तेवढं लांब नाहीये ताई ते. बांधाला वळसा घातला की प्रवाह आपणच आत घेतो. काहीच वेळ लागत नाही."

तिने वाटी खाली ठेवली.

"मामाला माहीत असणार," तो म्हणाला. "होडीत पडला तेव्हा तो त्या बाजूला हात करत होता. मला वाटलं, तो दुखतंय म्हणून हात हलवतोय."

मग त्याने जेवायला सुरुवात केली.